पापणी न लवणारा भाडेकरू

त्याचं नाव लिहीत नाही. तो अजून जिवंत आहे, याच गावात आहे. हे छापून आलं तर आधी कागद उजेडाकडे धरून भोकं शोधेल, मग मजकूर वाचेल, मग माझ्या चुका सांगायला फोन करील. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणते आणि अहो-जाहो करते. इथे मात्र 'तो' लिहिणार. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, आणि त्याने मला दिलेल्या त्रासात एवढी सूट बसते.

हिंदी मुलखातल्या या आमच्या गावात, लालबाग भागात माझं घर आहे. खाली मी राहते. मागच्या अंगणात पत्र्याखाली माझी चूल आणि खापर. लग्नाकार्याला, आखाजीच्या सणाला लोक माझ्याकडून पुरणाचे मांडे करून नेतात. मातीचं खापर चुलीवर उलटं घालायचं, खाली लाकडाचा जाळ, आणि हातावर फिरवून फिरवून पातळ केलेला मांडा वर टाकायचा. चाळीस वर्षं हेच करतेय. वरची खोली भाड्याने देते. नेपानगरच्या कागदाच्या कारखान्यातली नोकरी संपवून तो खोली बघायला आला, तेव्हा त्याने भिंती बघितल्या नाहीत, नळ सोडून बघितला नाही. खिडकीचा पडदा उचलला आणि उजेडाकडे धरला.

"तीन भोकं आहेत," म्हणाला.

मी म्हटलं, पडदा आहे भाऊ, त्यात पाणी भरायचं नाही. हे त्याला पटलं असावं. संध्याकाळी ट्रंक घेऊन आला.

कारखान्यात त्याचं काम एवढंच होतं. तयार कागद उजेडावरून सरकत जायचा आणि याने त्यात डाग, भोक, सुरकुती शोधायची. तीस-बत्तीस वर्षं केलं. त्यातून त्याला दोन सवयी लागल्या. पहिली, हातात काहीही आलं की ते उजेडाकडे धरायचं. लग्नाची पत्रिका आली की धरायचा, आतलं न वाचता. केळीच्या पानावर जेवायला वाढलं तर आधी पान उचलून धरायचा, मग खाली ठेवायचा. शेजारणीने हौसेने नवी साडी दाखवायला आणली, तर पदर खिडकीशी नेऊन म्हणाला की इथे धागा सुटलाय, परत करा. ती साडी तिला माहेरहून आली होती.

माझे मांडेही सुटले नाहीत. पहिल्यांदा मी त्याला एक मांडा दिला, तर त्याने दोन्ही टोकं धरून अंगणात उन्हात उभं राहून तो तपासला. म्हणाला, उजवीकडे पुरण गोळा झालंय, मध्ये कणीक जाड आहे. मी म्हटलं, खायचाय की त्यावर पेपर छापायचाय? त्याने खाल्ला. दुसराही मागितला. आणि दुसऱ्यातही चूक काढली. दोन वर्षांत त्याने माझा एकही मांडा बिनचूक म्हणून पास केला नाही.

दुसरी सवय जास्त विचित्र. तो पापणी लववायचा नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण आपण दहा वेळा लववतो तिथे हा एकदा, आणि तीही अर्धीच. पापणी लवली की माल गेला, असं तो म्हणायचा. कागद पळत असतो, तेवढ्यात भोक निघून जातं आणि ते नंतर कुठल्यातरी गावच्या छापखान्यात सापडतं. त्याने स्वतःला शिकवून घेतलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या कोणी फार पापण्या लववल्या तर तो माणूस कामाचा नाही असं ठरवायचा. लग्न केलं नव्हतं. मी विचारलं का, तर म्हणाला, तीन मुली बघायला गेलो, तिघींच्या घरून एकच निरोप आला, मुलगा टक लावून बघतो.

अशा माणसाचे डोळे चांगले असतील असं वाटेल. नव्हते. विशीपासून त्याचं बुबुळ पुढे टोकदार होत गेलं होतं. असल्या डोळ्याला चष्मा पुरत नाही. नखाएवढी निळसर, कडक लेन्स बुबुळावर बसवली तरच नीट दिसतं. लेन्स घातली की भिंतीवरची मुंगी कुठल्या पायाने लंगडतेय ते सांगेल. काढली की समोर माणूस आहे की वाळत घातलेलं धोतर, हे कळत नाही. एकदा लेन्सशिवाय खाली आला आणि दोरीवरच्या माझ्या लुगड्याला म्हणाला, बाई, आज टाकीत पाणी नाही. मी मागे उभी होते. उत्तर दिलं नाही. बघू म्हटलं, किती वेळ बोलतो. बराच वेळ बोलला, आणि माझ्याशी बोलतो त्यापेक्षा नरमाईने.

एवढ्या जिवाच्या लेन्सा, तर त्यांना जपावं की नाही? सकाळी सहाला घालायचा ते झोपताना काढायचा. दुपारी त्या तशाच ठेवून लवंडायचा. धूळ बसली की लेन्स तोंडात टाकून चोखायचा आणि परत डोळ्यात. तंबाखू त्याच तोंडात. मी म्हटलं, भाऊ, मी कणीक मळताना नाक शिंकरलं तर तुम्ही मांडा खाल का? म्हणाला, डोळा माझा आहे. बरोबर होतं, म्हणून मी परत कणीक मळायला घेतली.

मग त्याचे डोळे लाल राहायला लागले. पापण्यांच्या कडा सुजल्यासारख्या, सकाळी चिकटलेल्या. म्हणायचा, डोळ्यात वाळू आहे, लेन्स चिकटून बसते, दुपारनंतर सगळं धुकट दिसतं. आणि दिवसभर पाणी गळायचं. ओट्यावर बसून पेपर वाचायचा आणि गालावरून धारा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं रडतोय. शेजारणीने मला अंगणात गाठून विचारलं, "काय वं माय, त्याले रडवतं कायले?" मी म्हटलं, मला तेवढाच उद्योग आहे.

त्याचं म्हणणं होतं, हा माझ्या चुलीचा धूर. माझं म्हणणं होतं, धूर तुम्ही यायच्या आधीपासून आहे, आणि खोली बघताना पडद्याऐवजी अंगण बघायचं होतं. वरून आवाज यायचा, बाई, धूर. मी खालून म्हणायचे, भाऊ, खिडकी. दिवसातून दोनदा तरी आमचं एवढं बोलणं व्हायचं, आणि दोघांनाही ते पुरत होतं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. लेन्सा काढून जायचं होतं, म्हणजे त्याला रस्ता दिसणार नव्हता, म्हणून रिक्षात मी बरोबर बसले. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, बोलणं हिंदीतून, पण समजावून सांगणारी. तिने पापणी उलटी करून बघितली, यंत्रात बघितलं, कडेला बोटाने दाबून बघितलं. म्हणाली, डोळे कोरडे आहेत. याने गालावरून पाणी पुसलं आणि माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या शेजारच्या वजनकाट्याकडे.

ती म्हणाली, कोरडे आहेत म्हणूनच गळतात. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्यांतून तेल येतं. ते तेल डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं, म्हणून पाणी उडून जात नाही. याच्या ग्रंथी तुंबल्यात. तेल आत घट्ट झालंय, पेस्टसारखं. मग पाणी टिकत नाही, डोळा खुपतो, आणि खुपतो म्हणून आणखी पाणी सोडतो. ते नुसतंच वाहून जातं. त्यात ही लेन्स आणि त्यात हा माणूस पापणी लववत नाही. पापणी लवली तरच ते तेल दाबून बाहेर येतं.

काय काय करायचं ते तिने लिहून दिलं. लेन्स काढून दोन वेळा गरम कापडाने दहा मिनिटं शेक, मग पापणी हलक्या हाताने दाबून तेल बाहेर काढणं, कडा स्वच्छ पुसणं, तिने दिलेले थेंब, लेन्स फक्त तिच्या पाण्यात धुणं, नळाच्या नाही, तोंडाच्या तर नाहीच. आणि पापण्या पूर्ण मिटून लववणं, मोजून. हे शेवटचं ऐकल्यावर तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, "मॅडम, बत्तीस साल लगे ये आदत बनाने में." ती म्हणाली, "अंकल, छोड़ने में इतना टाइम नहीं है. ऐसा ही चला तो लेन्स बंद. फिर चष्मे से तो आपको दिखेगा नहीं."

रिक्षात तो बत्तीस वर्षं, बत्तीस वर्षं करत होता. मी मात्र खूश होते, कारण मला सगळं समजलं होतं. तूप थंडीत थिजतं, आच लागली की वितळतं. याच्या पापण्यांत तूप थिजलंय. यात काय कठीण आहे? आणि इथेच माझी चूक झाली. डॉक्टरीण म्हणाली, तेल आतून यायला पाहिजे. मी ऐकलं, डोळ्याला तेल पाहिजे. आमच्याकडे लहानपणी डोळे आले, कचरा गेला, जळजळलं की आई साजूक तुपाचं बोट डोळ्यात फिरवायची. मी म्हटलं, हे तेल ग्रंथीतून निघेल तेव्हा निघेल, तोवर वरून द्यायला काय हरकत आहे?

तो हो म्हणाला. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर तो म्हणायचा की मी जबरदस्ती केली. मांड्यांचा दिवस होता, चुलीवर तूप कढवलेलं होतं. थंड करून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. थेंब घालतानाही लेन्सा काढायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. पण नुकत्याच घातल्या होत्या, परत काढायचा कंटाळा, आणि त्याचं डोकं असं की थेट लेन्सवरच वंगण पडलेलं बरं, कारखान्यात मशीनला तसंच देतात.

मग मी कामाला लागले. पहिले मांडे उतरले, तसा तो सवयीने आला आणि टोपलीतून एक उचलला. उजेडाकडे धरला. मी वाट बघत होते, आता कुठली बाजू जाड निघते.

"बाई," तो म्हणाला, "आज एकही चूक नाही. एकसारखा. मऊ. असा कधी झाला नव्हता."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन वर्षं चुका ऐकल्या होत्या. हात थांबवून मी वर बघितलं. त्याच्या हातात मांडा नव्हताच. मांडे झाकायचं जुन्या धोतराचं फडकं होतं.

दुपारपर्यंत डोळे गाजरासारखे लाल झाले. उजवा तर सुजून मिटला. लेन्सा निघेनात, तुपाने हात घसरायचा, आणि याने ओढाताण करून बुबुळावर ओरखडा काढला. परत रिक्षा, परत डॉक्टरीण. तिने विचारलं आँख में क्या डाला, तर हा म्हणाला, कुछ नहीं. मी म्हटलं, घी डाला, मैंने डाला. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, अम्मा, आप खाना अच्छा बनाती होंगी, आँख मत बनाओ. लेन्स तीन आठवडे बंद. तोवर ओरखडा भरला आणि पापण्यांच्या ग्रंथी मोकळ्या झाल्या तर बघू. नाही झाल्या तर लेन्स कायमची बंद, मग इंदूरला जाऊन बुबुळ बदलायचं ऑपरेशन, आणि या वयात त्याचं काय होईल ते ती आत्ता सांगू शकत नाही.

त्याचा एक पुतण्या नाशिकला आहे. दर रविवारी फोन करतो. त्या रविवारी फोन मी उचलला, कारण याला बटण दिसत नव्हतं. पुतण्याने विचारलं काका कसे आहेत. मी म्हटलं, दिसत नाही त्यांना. पलंगावरून हा हात हलवून मला गप्प करत होता, पण तोवर सांगून झालं होतं. पुतण्या मंगळवारी दारात उभा.

चांगला मुलगा आहे. येताना फळं घेऊन आला, माझ्या पाया पडला. म्हणाला, काकांना घेऊन जातो, घरी बायको आहे, मुलं आहेत, कोणीतरी सारखं जवळ राहील. खोली सोडून टाकू. मी बघितलं, हा पलंगावर ताठ बसला होता आणि ज्या बाजूने आवाज येतोय तिकडे टक लावून बघत होता. पापणी अर्थातच लवत नव्हती.

पुतण्या आंघोळीला गेला तेव्हा तो माझ्याशी बोलला. हळू बोलला, तशी त्याला सवय नाही.

"वाईट नाहीत हो ते. चांगले आहेत, तेच अवघड आहे. मला सोफ्यावर बसवतील. चहा हातात देतील, बोटं धरून कपाच्या कानात घालतील. आज चहा, उद्या घास. मला टेबलावर ठेवलेला कप उचलायचाय बाई, स्वतः. सांडला तर सांडला."

मी म्हटलं, मग हे त्याला सांगा. म्हणाला, त्याला वाईट वाटेल. मी म्हटलं, मला कोणाचं वाईट वाटत नाही, मी सांगते.

पुतण्या केस पुसत आला. त्याने आपण होऊन विचारलं, "मावशी, खरं सांगा. काका एकटे राहू शकतात का?"

"आत्ता नाही," मी म्हटलं. "आत्ता त्यांना जिना दिसत नाही. पण हे माझं काम आहे. तूप मी घातलं. तीन आठवडे द्या. डॉक्टरीण नाही म्हणाली तर ट्रंक मी स्वतः भरून देईन. हो म्हणाली तर ते इथेच राहतील, आणि तुम्ही त्यांना परत विचारायचं नाही."

"तीन आठवडे बघणार कोण त्यांचं?"

"ज्याने बिघडवलं तो."

पलंगावरून आवाज आला की माझं कोणी बघायचं नाही. आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. पुतण्या दुसऱ्या दिवशी गेला, पण तीन आठवड्यांनंतरचं परतीचं तिकीट काढून गेला. दोघांचं.

ते तीन आठवडे मला कोणी आयुष्यातून वजा करून दिले तर मी घेईन. सकाळ-संध्याकाळ मलमलचं नवं कापड उकळायचं, पिळायचं, त्याच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं. निवलं की दुसरं. दहा मिनिटं घड्याळ लावून. कापड किती गरम झालंय ते मला बघावं लागत नाही, खापराची आच जन्मभर ओळखतेय. मग हात साबणाने धुऊन पापणीवरून बोट फिरवायचं, वरची वरून खाली, खालची खालून वर, केसांच्या दिशेने, मांड्याची कड दाबतो त्याच्या निम्म्यानेही नाही. पहिल्या आठवड्यात काही येईना. मग पापणीच्या कडेला पांढरट, घट्ट असं काहीतरी दिसायला लागलं. मी सांगितलं, निघतंय. तर म्हणाला, काय रंगाचं, किती जाड, एकसारखं येतंय का? मी म्हटलं, पास करायचंय का तुम्हाला ते?

पापण्या लववायचं काम त्याला शेकापेक्षा जड गेलं. डॉक्टरणीने सांगितलं होतं, पूर्ण मिटायच्या, क्षणभर थांबायचं, उघडायच्या, दर तासाला वीस वेळा. हा ओट्यावर बसून करायचा. समोरून कोण जातंय ते त्याला दिसायचं नाही. दोन बायका मला येऊन सांगून गेल्या की तुमचा भाडेकरू या वयात डोळे मिचकावतो. मी म्हटलं, त्याला तुम्ही दिसत नाही. त्यावर त्या जास्त रागावल्या. तंबाखूही त्याने त्याच दिवसांत सोडली. डॉक्टरणीने सांगितलं म्हणून नाही, डबीतला चुना आणि तंबाखू वेगवेगळे दिसेनात, आणि एकदा नुसता चुनाच तोंडात गेला.

माझ्या मांड्यांचं काय, हे कोणी विचारेल. मांडे चालू होते. लोकांची लग्नं याच्या डोळ्यांसाठी थांबत नाहीत. पण चूल पेटवायच्या आधी मी वर जाऊन त्याची खिडकी बंद करायचे, दाराखाली ओलं पोतं सारायचे. तरी धूर जायचाच. तो खोकायचा, पण तेवढ्या तीन आठवड्यांत एकदाही वरून "बाई, धूर" असा आवाज आला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. माणूस भांडायचा थांबला की त्याने निम्मं सामान बांधलेलं असतं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरणीकडे गेलो. पुतण्याच्या खिशात तिकिटं होती. तिने आधी ओरखडा बघितला, भरला म्हणाली. मग पापणी दाबली आणि मला बोलावून यंत्रात डोळा लावायला सांगितलं. मोठं करून दाखवणारं यंत्र आहे ते. पापणीच्या कडेला बारीक बारीक टिपके उभे होते, स्वच्छ, पातळ, तेलासारखे. सगळीकडे नव्हते. काही ग्रंथी कायमच्या गेल्या म्हणाली, पण ज्या उरल्यात त्या चालू आहेत. मग तिने तिच्या हाताने त्याला लेन्सा घातल्या.

तो दोन मिनिटं मान खाली घालून बसला. पापण्या लववल्या, पूर्ण, तीन-चार वेळा. मग मान वर केली. आधी पुतण्याकडे बघितलं.

"तू जाडा झालास."

मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"बाई, तुमच्या पदराला ठिणगीने भोक पडलंय. दोन ठिकाणी."

पुतण्याने खिशातून तिकिटं काढली, बघितली आणि एक परत खिशात ठेवलं. शब्दाचा पक्का निघाला. डॉक्टरीण म्हणाली, दिवसाला सहा तास, त्यापेक्षा जास्त नाही, आणि झोपताना कधीच नाही. शेक रोज, जन्मभर, दात घासतो तसा. मग तिने विचारलं, घरात धूळ, धूर वगैरे काही? हा म्हणाला, कुछ नहीं. पुन्हा तेच. मी म्हटलं, धूर आहे. त्याच्या खिडकीखाली माझी चूल आहे, आठवड्यातून चार दिवस पेटते, लग्नसराईत रोज. ती म्हणाली, मग ही लेन्स सहा महिनेही टिकणार नाही.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं, भाऊ, चूल मी बंद करणार नाही. तो म्हणाला, मी सांगितलंय का बंद करा म्हणून? गॅसवर खापर तापत नाही, तडकतं, आणि तवा घेतला तर तो मांडा राहत नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. दोन वर्षं तपासले होते त्याने. म्हणाला, तुम्ही खराब माल काढण्यापेक्षा मी दुसरी खोली बघतो. पुतण्याने नाशिकचं नाव काढायला तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

खोली गावातच शनवारा भागात मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी खिडक्या. बघायला मीही बरोबर गेले होते. त्याने पडदा उजेडाकडे धरला नाही, कारण पडदेच नव्हते. त्याने हवा हुंगली, जिना दोनदा चढून-उतरून बघितला, एकदा लेन्सा घालून आणि एकदा काढून. दुसऱ्या वेळी मी खाली उभी होते. हात धरायला गेले नाही. त्याने कठडा धरला, मोजत मोजत उतरला, शेवटच्या पायरीवर एक पायरी जास्त मोजली आणि जमिनीवर पाय आपटला. तेवढंच.

तो गेला, वरच्या खोलीत आता एक बँकेतली मुलगी राहते. ती पडदे बघत नाही आणि मांडा दिला की न बघता खाते. छान झालाय म्हणते, दर वेळी. कसं कळतं तिला कोण जाणे.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते आणि फोन वाजला.

"बाई, कापड किती गरम करायचं असतं?"

तीन आठवडे मी शेकत होते, त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

"मनगटाला आतून लावून बघा," मी म्हटलं. "सोसलं तर डोळ्यावर."

त्याने फोन बाजूला ठेवला. मग पातेलं आदळल्याचा आवाज आला, मग त्याचा श्वास.

"मनगट भाजलं."

"मग डोळा वाचला," मी म्हटलं. "निवू द्या, आणि परत लावा."